बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई नथूजी चौधरी (जन्म : असोदे, जळगाव जिल्हा, १८८०, मृत्यू : जळगाव, ३ डिसेंबर १९५१) या मराठी कवयित्री होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करीत असताना त्यांनी खानदेशातील लेवा गणबोलीत गाणी रचली व ती तोंडानेच म्हटली. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी त्यांपैकी काही गाणी वेळोवेळी उतरवून घेतली. बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' या नावाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आचार्य प्र. के. अत्रे यांनी या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. हयातीत आपल्या घराबाहेर आणि गावाबाहेर फारशी माहीत नसलेली ही शेतकरी स्त्री त्यानंतर मराठीतील सर्वाधिक वाचल्या व गायल्या जाणाऱ्या कवींपैकी एक ठरली.

सतराव्या शतकातील संत बहिणाबाई (१६२८–१७००) या वेगळ्या. त्या संत तुकारामांच्या शिष्या असून त्यांचे नाव वैजापूर तालुक्यातील शिऊर या गावाशी जोडलेले आहे. नामसाम्यामुळे दोघींविषयी अनेकदा गल्लत होते.

जन्म आणि माहेर

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळील असोदे या गावी महाजनांच्या घरी नागपंचमीच्या दिवशी झाला. त्यांची जयंती २४ ऑगस्ट रोजी साजरी करण्यात येते. वडिलांचे नाव उखाजी महाजन आणि आईचे भिमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ व अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी असे भरलेले घर होते. कुटुंब लेवा पाटीदार समाजातील व शेती करणारे होते.

त्या काळी असोदे हे मुंबई इलाख्यातील खानदेश जिल्ह्यात मोडत असे. १९०६ साली या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले आणि जळगाव हे पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण बनले. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन, कपाशी आणि ज्वारीची पिके, विहिरीवरची मोट, आखाजीचा सण, कीर्तने आणि देवळातील पोथ्या हे त्या मुलखातील जीवनाचे नित्याचे घटक होते. बहिणाबाईंच्या गाण्यांत येणारे जग हेच आहे. मुलींना शाळेत घालण्याची रीत शेतकरी कुटुंबांत जवळजवळ नव्हती. त्यामुळे बहिणाबाईंना अक्षरओळख झाली नाही. मात्र जात्यावरच्या ओव्या, सणांची गाणी, म्हणी, कथा-कीर्तने यांचे संस्कार त्यांच्यावर लहानपणापासून झाले.

विवाह आणि संसार

वयाच्या तेराव्या वर्षी बहिणाबाईंचा विवाह जळगाव येथील नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला. असोद्याहून जळगाव काही किलोमीटरच्याच अंतरावर आहे. माहेर आणि सासर यांच्यामधला हा लहानसा रस्ता त्यांच्या काव्यात मोठी जागा व्यापून आहे. जळगावातील चौधरी वाड्यात त्यांचा संसार झाला. काशी ही कन्या आणि ओंकार व सोपान हे दोन पुत्र अशी त्यांना अपत्ये झाली.

घरातील दळणकांडण, स्वयंपाक, मुलांचे संगोपन आणि शेतातील पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, उपणणी अशी कामे वर्षानुवर्षे त्यांच्या वाट्याला आली. या प्रत्येक कामावर त्यांचे गाणे आढळते. त्यांच्या गाण्यांतून शेतीचे एक संपूर्ण वर्ष उभे करता येते. पाऊस पडण्यापूर्वीच्या तयारीपासून धान्य वाऱ्यावर उपणून घरी येईपर्यंतचे टप्पे तेथे क्रमाने सापडतात.

वैधव्य

बहिणाबाई सुमारे तीस वर्षांच्या असताना नथूजींचे निधन झाले. सर्वांत धाकटे सोपान यांचा जन्म १९०७ चा, म्हणजे पितृछत्र हरपले तेव्हा ते अगदीच लहान होते. विधवेच्या जीवनावर त्या काळच्या समाजाची कडक बंधने होती. सण, मंगलकार्ये आणि पेहराव या सर्वांतून तिला वगळले जाई. त्यातच घर आणि शेती सांभाळण्याची जबाबदारी बहिणाबाईंवर आली. या परिस्थितीतही त्यांनी कष्ट करून मुले वाढविली. सोपान शिकले आणि पुढे सोपानदेव चौधरी (१९०७–१९८२) या नावाने कवी म्हणून ओळखले गेले. 'काव्यकेतकी' हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे.

वैधव्याचे दुःख बहिणाबाईंच्या काव्यात थोड्याच ठिकाणी उघडपणे येते. त्यांच्या एका सुपरिचित गाण्यात कपाळावरचे कुंकू पुसले गेल्यानंतर त्याखाली दडलेली नशिबाची रेषा दिसू लागली, अशी कल्पना आहे. त्याच गाण्यात ज्योतिषाला हात दाखविण्यास नकार दिला आहे. आपले दैव आपल्याला समजले असताना दुसऱ्याने ते सांगण्याची गरज नाही, असा त्यातील आशय आहे. पतीच्या मृत्यूनंतर मागे राहिलेली लहान मुले हाच जगण्याचा आधार, असा विचारही त्यात आहे. शोक व्यक्त करतानाही रडगाण्याचा सूर न लावता पुढच्या कामाकडे वळणे हा त्यांच्या स्वभावाचा विशेष या गाण्यातून प्रत्ययास येतो.

काव्यरचनेची रीत

बहिणाबाईंनी कवितेसाठी वेगळा वेळ काढला नाही आणि त्यांच्या परिस्थितीत तो काढता येणेही शक्य नव्हते. हात कामात असताना गाणे सुचत असे आणि कामाच्या लयीतच ते पुरे होत असे. जात्याची घरघर, मोटेच्या चाकाचा आवाज, सुपातून पडणाऱ्या धान्याची सळसळ यांची लय त्यांच्या रचनेत उतरली आहे. एकदा म्हटलेले गाणे जवळ कोणी ऐकणारे नसेल तर तेथेच विरून जाई. अशा रीतीने त्यांची पुष्कळ गाणी कायमची हरवली.

सोपानदेवांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा त्यांनी आईला वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईने त्या कथेवर गाणे रचलेले होते. या प्रकाराने प्रभावित होऊन सोपानदेवांनी आईची गाणी वहीत उतरवून घेण्यास आरंभ केला. ज्या मुलाला शिकविण्यासाठी आईने कष्ट घेतले, त्याच्याच अक्षरज्ञानामुळे आईची गाणी टिकली.

गाण्यांचे प्रकाशन

बहिणाबाईंचे जळगाव येथे ३ डिसेंबर १९५१ रोजी निधन झाले. तोपर्यंत त्यांची गाणी कुटुंबीयांपुरती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपुरतीच मर्यादित होती. त्यांच्या पश्चात सोपानदेवांनी ही गाणी आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवली. अत्रे हे त्या वेळी महाराष्ट्रातील अत्यंत लोकप्रिय लेखक, नाटककार आणि पत्रकार होते व स्वतः कवीही होते. ही गाणी म्हणजे अस्सल सोने असून ती महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे हा गुन्हा ठरेल, असे त्यांचे मत झाले. त्यांच्या आग्रहामुळे १९५२ मध्ये संग्रह निघाला. बहिणाबाई तो पाहू शकल्या नाहीत. पुढील आवृत्त्यांमुळे आणि शालेय पाठ्यपुस्तकांमुळे ही गाणी घरोघरी पोहोचली.

संग्रह प्रकाशित झाला तो काळ मराठी कवितेत मोठ्या स्थित्यंतराचा होता. बा. सी. मर्ढेकर यांच्या 'काही कविता' या १९४७ च्या संग्रहाने नवकवितेचे युग सुरू केले होते. महानगरातील यांत्रिक जीवन आणि त्यातील माणसाचे एकाकीपण हा त्या कवितेचा विषय होता. त्याआधीच्या पिढीत गिरीश यांनी 'आंबराई'सारख्या खंडकाव्यातून आणि इतर काही कवींनी जानपद गीतांतून खेड्याचे चित्रण केले होते. परंतु ते कवी सुशिक्षित होते. शेतात राबणाऱ्या स्त्रीने स्वतःच्या बोलीत रचलेली आणि तिच्या नावाने छापलेली कविता मराठी वाचकांच्या दृष्टीने अपूर्व होती.

काव्याचे विषय

बहिणाबाईंच्या काव्याचा आरंभ बहुधा समोर दिसणाऱ्या एखाद्या वस्तूपासून किंवा कृतीपासून होतो आणि त्यातून जीवनाविषयीचा एखादा विचार निघतो. वस्तू आणि विचार यांचा सांधा दिसू नये इतक्या सहजतेने हे घडते.

संसार : चुलीवरचा तवा हा त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याचा विषय. भाकरी हाती येण्याआधी चटके सोसावे लागतात, हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव. त्यातून संसार सुखाचा की दुःखाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या शोधतात आणि दोहोंचा एकत्र स्वीकार करतात.

मन : मनावरील गाण्यात उभ्या पिकात शिरणाऱ्या मोकाट गुरांचा दृष्टान्त आहे. कितीही हाकलले तरी ती पुन्हा पिकाकडेच वळतात. मनाचा लहानपणा आणि अफाटपणा दाखविण्यासाठी खसखशीचा दाणा आणि आकाश ही दोन टोके तेथे एकत्र आणली आहेत. शेतकऱ्याच्या रोजच्या त्रासातील उदाहरण घेऊन मानसशास्त्रातील गूढ प्रश्नाला हात घातल्यामुळे अभ्यासकांनी या रचनेची वारंवार दखल घेतली आहे.

सुगरणीचा खोपा : झाडाला लटकणारे सुगरण पक्ष्याचे घरटे पाहून रचलेले हे गाणे शालेय विद्यार्थ्यांना विशेष परिचित आहे. पक्षीण केवळ चोचीच्या साहाय्याने पिल्लांसाठी एवढे कौशल्याचे काम करते. माणसाला तर दोन हात आणि दहा बोटे मिळाली आहेत. ही तुलना करून श्रमाचे मोल त्यांनी सांगितले आहे.

माहेर आणि स्मृती : माहेरच्या वाटेवरचे दगडधोंडे, आखाजीला माहेरी आलेल्या मुली आणि त्यांचे झोके, आईवडिलांच्या घरातील दिवस यांच्या आठवणी अनेक गाण्यांत येतात. एका संवादगीतात योगी आणि सासुरवाशीण यांची भेट आहे. माहेरचे एवढे गुणगान करणारी मुलगी सासरी येतेच कशाला, असे योगी विचारतो. आपण सासरी नांदल्याशिवाय आपल्या लेकीला माहेर कोठून मिळणार, या अर्थाचे उत्तर त्याला मिळते. आजी, आई आणि लेक अशा पिढ्यांची साखळी या एका उत्तरात सामावली आहे. संसाराचा त्याग केलेल्या योग्याला संसारी स्त्रीने निरुत्तर करावे, हेही त्यात लक्षणीय आहे.

माणूस : माणसाने माणसासारखे वागावे ही तळमळ त्यांच्या काही गाण्यांत तीव्रतेने उतरली आहे. जनावरे खाल्लेल्या अन्नाची जाण ठेवतात, माणूस मात्र स्वार्थापोटी ती विसरतो, असा त्यांचा आक्षेप आहे. कोणत्या वस्तूला कोणते नाव देऊ नये याची यादी करणारी त्यांची एक रचना आहे. आपला गुणधर्म सोडलेल्या वस्तूला तिचे नाव शोभत नाही, हे तीत एकामागून एक घरगुती उदाहरणे देऊन सांगितले आहे.

देव : बहिणाबाईंची श्रद्धा दृढ होती, परंतु देव त्यांना मुख्यतः शेतात दिसतो. मातीत पेरलेले बी उगवणे, कोवळे पान जमिनीतून वर येणे, वारा वेळेवर सुटणे या घटनांकडे त्या चमत्कार म्हणून पाहतात. अंधश्रद्धेची आणि ढोंगाची मात्र त्यांनी गय केली नाही.

भाषा आणि छंद

बहिणाबाईंच्या गाण्यांची बोली ही लेवा गणबोली होय. खानदेशातील अहिराणी आणि शेजारची वऱ्हाडी या दोहोंशी तिचे साम्य आढळते. प्रमाण मराठीतील 'ळ' च्या जागी या बोलीत अनेकदा 'य' येतो, 'ण' च्या जागी 'न' येतो आणि 'मला' याऐवजी 'माले' असे रूप वापरले जाते. जात्याला 'घरोट' म्हणण्यासारखे शब्द इतर भागांतील वाचकांना नवे वाटतात. 'घरोट' या शब्दातच जात्याची घरघर ऐकू येते आणि त्या नावाचे गाणेही त्यांनी रचले आहे.

त्यांच्या बहुतेक रचना ओवीच्या वळणाच्या आहेत. आठ अक्षरांचा चरण आणि चार चरणांचे कडवे ही त्यांची सर्वसाधारण बांधणी आहे. गाण्याच्या आरंभी एखादा शब्द दोनदा उच्चारण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्यामुळे कामाला लागणारा ठेका मिळतो आणि गाणे स्मरणात ठेवणे सोपे जाते. सोपी यमके, लहान वाक्ये आणि प्रश्नोत्तरांची रचना हेही मौखिक परंपरेतून आलेले विशेष आहेत.

ओवीच्या परंपरेतील स्थान

जात्यावर ओव्या गाण्याची प्रथा संपूर्ण महाराष्ट्रात होती. खानदेशाप्रमाणेच गोदावरीच्या खोऱ्यातील, बीड जिल्ह्यातल्या चकलांब्यासारख्या गावांतही पिठाच्या गिरण्या येईपर्यंत पहाटेचे दळण आणि ओवी यांची जोडी होती. भाऊ, आईबाप, लेकरे, सासुरवास, पंढरीचा विठोबा हे या ओव्यांचे नेहमीचे विषय असत. खानदेशातच अमळनेर येथे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्री जीवन' या ग्रंथात अशा ओव्यांचा मोठा संग्रह केला. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे गायल्या गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांचाही त्यांत समावेश आहे.

या विशाल ओवीधनाची रचना कोणी केली हे सहसा सांगता येत नाही. एकीने म्हटलेली ओवी दुसरी उचलते, बदलते आणि पुढे नेते. बहिणाबाई याच परंपरेत वाढल्या, तिचाच छंद आणि तिचीच लय त्यांनी स्वीकारली. त्यांच्या गाण्यांवर मात्र एका विशिष्ट व्यक्तीच्या निरीक्षणाची, विनोदाची आणि विचाराची मुद्रा आहे. एकेका ओवीत न थांबता त्या एक कल्पना अनेक कडव्यांतून विकसित करतात. लोकगीत आणि व्यक्तिनिष्ठ कविता यांच्या सीमेवर त्यांचे काव्य उभे आहे, असे म्हणता येते.

संहितेचे स्वरूप

बहिणाबाईंनी स्वतः काहीही लिहून ठेवले नाही. त्यामुळे उपलब्ध संहिता ही त्यांच्या तोंडून ऐकणाऱ्यांनी लिहिलेली संहिता आहे. मौखिक रचना कागदावर आणताना बोलीचे उच्चार कसे लिहावेत, एकाच गाण्याची निरनिराळ्या वेळी म्हटलेली रूपे आढळल्यास कोणते स्वीकारावे, असे प्रश्न उद्भवतात. गाण्यांचा अभ्यास करताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते. दुसऱ्या बाजूने पाहता, सोपानदेवांची स्वतःची कविता प्रमाण मराठीतील आणि निराळ्या वळणाची आहे. शेतीच्या व घरकामाच्या बारीकसारीक तपशिलांनी भरलेली आईची गाणी तिच्याहून स्पष्टपणे वेगळी उमटतात.

उतरवून घेतलेल्या गाण्यांची संख्या मर्यादित आहे. अनेक दशके रोज गाणे रचणाऱ्या स्त्रीच्या एकूण निर्मितीचा हा एक अंशच होय. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ज्यांच्या घरी वही धरणारा मुलगा नव्हता, अशा इतर स्त्रियांच्या रचना किती लोपल्या असतील, याची कल्पनाही या संग्रहावरून येते.

वारसा

बहिणाबाईंची गाणी संगीताच्या माध्यमातूनही लोकप्रिय झाली. अनंत माने दिग्दर्शित 'मानिनी' (१९६१) या मराठी चित्रपटात त्यांच्या काही गाण्यांचा वापर करण्यात आला. संगीत वसंत पवार यांचे होते. पुढे उत्तरा केळकर यांनी गायिलेली बहिणाबाईंची गीतेही घरोघरी ऐकली गेली. त्यांच्या रचनांचे इंग्रजीतही अनुवाद झाले असून त्यांत अंजली पुरोहित यांचा अनुवाद आहे.

महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांच्या कविता अनेक वर्षांपासून अभ्यासाला आहेत. बोलीभाषेतील साहित्याला वर्गात मान मिळण्यास त्यामुळे मदत झाली. ज्या बोलीला गावंढळ समजून शाळेत हसले जाई, त्या बोलीतील कविता पाठ्यपुस्तकात येणे ही ग्रामीण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची घटना होती. नंतरच्या काळात ग्रामीण साहित्याची आणि स्त्रियांच्या लेखनाची चर्चा सुरू झाली, तेव्हाही बहिणाबाईंचे उदाहरण अग्रभागी राहिले.

जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १९९० साली झाली. २०१८ मध्ये त्याचे नामकरण 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असे करण्यात आले. शाळेची पायरीही न चढलेल्या कवयित्रीचे नाव आज खानदेशातील विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर असते. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातील घरगुती वस्तू आणि शेतीची अवजारे जतन करण्यात आली आहेत.